रिकामा पट्टा

आमच्या दारामागच्या खिळ्याला, छत्रीच्या शेजारी, गेले सात महिने एक पट्टा लटकतोय. तपकिरी, जाड कापडी, सहा फुटी, पितळी कडीचा. कुत्रं नाही. घरात पाऊल टाकणाऱ्याची नजर आधी पट्ट्यावर जाते, मग सोफ्याखाली, मग बाल्कनीकडे. "बांधलंय ना?" असं दबकत विचारतात. "नाही हो, नाहीच आहे," म्हटलं की माणसं सैलावून बसतात आणि मग उरलेला वेळ आमच्याकडे जरा संशयाने बघतात.

पट्टा नवऱ्याने आणला. कुत्रं आणायचं की नाही हे ठरायच्या आधी. माझ्या आईने लगेच 'बाजारात तुरी' ऐकवलं. भट आणि भटणीची मारामारी मात्र तेव्हा व्हायची होती.

झालं असं की श्रावणात जतहून माझ्या सासऱ्यांनी, आप्पांनी, फोटो पाठवला. भावकीत एकाच्या कारवानी कुत्रीला सात पिल्लं झाली होती. गोणपाटावर एकमेकांवर पडलेली, डोळे मिटलेली, उंदरांपेक्षा थोडी मोठी. कारवानचं पिल्लू जन्मतः कुठल्याही पिल्लासारखंच दिसतं. ते लांब नाक मागाहून निघतं. फोटोखाली आप्पांचा आवाज होता : "एखादं न्यायचं आसंल तर आत्ताच सांगा. परत म्हणशिला सांगितलं न्हाई."

नवऱ्याने तो मेसेज तीनदा ऐकला. तो जत तालुक्यातल्या ज्या वस्तीवर वाढला तिथे वाघ्या नावाचा कारवान होता. शाळेतून येताना वाघ्या सायकलबरोबर पळायचा आणि दर वेळी सायकल हरायची, ही गोष्ट मी लग्नाआधीपासून ऐकत आले आहे. पाच वर्षांच्या लेकीने फोटोतल्या एका तांबूस ठिपक्यावर बोट ठेवून त्याचं नाव 'चिक्की' ठेवलं. चौदा महिन्यांच्या धाकट्याने फोन चाटला. म्हणजे घरात तीन मतं पडली आणि माझं एक उरलं.

कारवान ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगते. हरणासारखे पाय, आत ओढलेलं पोट, लांब निमुळतं तोंड, मोठे आणि जरा दुखावल्यासारखे डोळे. उंचीला माणसाच्या मांडीपर्यंत येतो, पण अंगावर चरबी अशी नाहीच. शहरात असा कुत्रा घेऊन फिरलं की लोक मालकाला झापतात, "अहो, खायला घालत जा त्याला!" लातूर, सोलापूर, सांगली आणि खाली विजापूर-बागलकोटपर्यंत हा दिसतो. कुणा काळच्या काफिल्यांबरोबर पश्चिमेकडून आला म्हणून कारवान, असं सांगतात. कर्नाटकात त्यालाच मुधोळ म्हणतात. मुधोळचे राजे मालोजीराव घोरपडे यांनी विलायतेत पाचव्या जॉर्जला एक जोडी भेट दिली आणि तिथून ते नाव चिकटलं. २००५ साली डाक खात्याने चार देशी जातींची तिकिटं काढली, त्यात एक मुधोळचं होतं. ऑगस्ट २०२० मध्ये पंतप्रधानांनी 'मन की बात'मध्ये देशी कुत्री पाळा म्हणून सांगितलं, तेव्हा याचंही नाव घेतलं. नवऱ्याने हे सगळं मला एका दमात ऐकवलं, जणू मुलगी दाखवायला आणलीय आणि घराणं सांगतोय.

घराण्याबद्दल माझी तक्रार नव्हतीच. दोन खोल्या, हॉल आणि पुण्यातला चौथा मजला याबद्दल होती.

मग मी सगळे करतात तेच केलं. दोन्ही मुलं झोपल्यावर फोन घेऊन बसले. प्रत्येक जातीपुढे कुणीतरी तारे दिलेले असतात : मुलांशी मैत्री, पाचपैकी चार. फ्लॅटसाठी योग्य, पाचपैकी तीन. ऊर्जा, पाचपैकी पाच. उंटावरून शेळ्या हाकणं याहून वेगळं काय असतं? ज्याने तारे दिले त्याने माझा धाकटा पाहिलेला नाही. समोरच्याच्या डोळ्यांत बोट घालून बघणं ही सध्या त्याची ओळख करून घ्यायची पद्धत आहे.

शेजारच्या काकांनी तेवीस जातींची यादी आणून दिली. मार्च २०२४ मध्ये केंद्राने रॉटवायलर, पिटबुल वगैरे तेवीस जाती धोकादायक ठरवून राज्यांना पत्र धाडलं होतं. पुढच्याच महिन्यात कर्नाटक आणि दिल्लीच्या उच्च न्यायालयांनी ते रद्द केलं. "तुमचं यात नाही ना, मग घ्या," असं काकांचं म्हणणं. यादीत नाही म्हणजे घरात चालेल, हा हिशेब मला काही पटला नाही.

उपयोग झाला तो एका साध्या प्रश्नाचा, आणि तो आम्हाला ओळखीच्या व्हेट बाईंनी घातला. त्या म्हणाल्या, "कुत्रा कसा आहे ते नंतर. त्याच्या पणजोबाला कशासाठी ठेवलं होतं ते आधी विचारा."

कारवानचं उत्तर सरळ आहे. पळण्यासाठी. हा वासावर नाही, नजरेवर चालणारा कुत्रा. माळावर लांबवर ससा हलला की पाय आधी निघतात, मालकाची हाक कानात नंतर शिरते. ससा मारणं १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर गुन्हा आहे, पण ते कुत्र्याच्या डोळ्यांना कोण सांगणार? आम्ही राहतो तिथून वेताळ टेकडी जवळ. तिथे मोर आहेत. टेकडीवर पट्टा सोडायचा नाही, आणि पट्टा सोडल्याशिवाय या कुत्र्याला खरं पळताच येत नाही. आणि पळत सुटलेली, किंचाळणारी, मध्येच पडणारी, पुन्हा उठून पळणारी गोष्ट मोरच असायला हवी असंही नाही. ती आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये रोज संध्याकाळी सहा ते साडेसात असते. बारा-पंधरा मुलं असतात.

हे मी नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "वाघ्याने कधी मुलांना काही केलं नाही." मी म्हटलं, "वाघ्याला सकाळी चार एकर पळून व्हायचं, मग मुलं दिसायची." तो गप्प झाला, पण पटून नाही.

गणपतीत देवच धावून आला म्हणायचं. खालच्या मजल्यावरचे दरवर्षी पाच दिवस कोकणात जातात. यंदा त्यांच्या लॅब्रेडॉरची सोय होत नव्हती. नवरा म्हणाला, "आमच्याकडे ठेवा!" माझ्याकडे न बघता म्हणाला. चार वर्षांचा, चौतीस किलोचा, पिवळा, जगावर प्रेम करणारा कुत्रा. लॅब म्हणजे घरगुती कुत्र्यांतला आदर्श जावई. त्याच्याविरुद्ध कुणी बोलत नाही.

पहिला शोध शेपटीचा लागला. ती बरोबर आमच्या टीपॉयच्या उंचीवर होती. पहिल्या तासात दोन कप आणि प्रसादाची वाटी गेली. धाकट्याच्या चेहऱ्याचीही तीच उंची. शेपूट हलली की तो 'थप्प' करून बसायचा. पहिल्यांदा हसला, दुसऱ्यांदा हसला, तिसऱ्यांदा ओठ फुटला. आणि हे सगळं कुत्र्याला आनंद झाला होता म्हणून! रागाचा कुठे मागमूस नव्हता. मोठ्या कुत्र्याची भीती म्हणजे चावण्याची भीती असं मी धरून चालले होते. चौतीस किलोचं प्रेम अकरा किलोच्या मुलावर कुठून कसं येऊन आदळतं, हा विचार माझ्या डोक्यात आलाच नव्हता.

दुसरा शोध तोंडाचा. लॅबचे पूर्वज न्यूफाउंडलंडच्या कोळ्यांचे. जाळी, दोर, निसटलेले मासे पाण्यातून ओढून आणायचे. पुढे इंग्लंडात गोळी लागलेले पक्षी अलगद तोंडात धरून आणायचं काम मिळालं. म्हणजे आणून देणं हा त्याचा धर्म. आमच्या घरात त्याने मोजे, डायपर, टीव्हीचा रिमोट, उंदीरमामाचं एक खेळणं आणि एकदा, अत्यंत हळुवारपणे, धाकट्याची बाही धरून धाकटाच आणून दिला. खाण्याचंही तसंच. २०१६ साली केंब्रिजच्या संशोधकांनी लॅबमधला एक जनुकीय बदल शोधला. तो ज्यांच्यात असतो त्यांना पोट भरल्याचा निरोप नीट पोचतच नाही. आमच्या पाहुण्यात तो होता की नाही ते ठाऊक नाही, पण एकवीस मोदकांपैकी नऊ त्याने खाल्ले आणि नंतर आमच्याकडे असं बघितलं जणू उपास सुटायचाय.

तिसरी गोष्ट मात्र मला कायमची पुरली. लेक त्याच्या गळ्यात दोन्ही हात टाकून बसली होती आणि मी फोटो काढला. खरंच सुंदर आला होता. मी तो व्हेट बाईंना पाठवला, खाली बदामासकट. त्यांचं उत्तर आलं : "मुलगी गोड आहे. आता तिला झाका आणि फक्त कुत्र्याचा चेहरा बघा."

मी अंगठ्याने लेकीचा चेहरा झाकला. कुत्र्याने मान दुसरीकडे वळवली होती. कान मागे. जीभ ओठावरून फिरत होती. डोळ्याच्या कडेला पांढरा भाग दिसत होता, कोयरीसारखा. मी फोन केला तेव्हा बाई म्हणाल्या, "तो 'पुरे' म्हणतोय. सभ्य आहे म्हणून हळू म्हणतोय. जांभई देतो, तोंड फिरवतो, उठून जातो. कुणी ऐकलंच नाही तर गुरगुरतो. आणि गुरगुरला म्हणून त्याला मारलं तर पुढच्या वेळी तो गुरगुरायचं टाळेल, थेट पुढची पायरी गाठेल. लहान मुलांना चावतात ती बहुतेक वेळा ओळखीचीच कुत्री असतात. झोपेत, खाताना, नाहीतर अशाच मिठीत."

त्या दिवशी दुपारी आम्ही घरात नियम केले. झोपलेल्या कुत्र्याला हात नाही. ताटलीजवळ जायचं नाही. मिठी नाही, आधी हाक, तो आला तर छातीवर खाजवायचं, तीन मोजायचं, थांबायचं. त्याला आणखी हवं असेल तर तोच सांगेल. लेक दोन दिवसांत शिकली. इतकी छान शिकली की तिने आजीलाही तीन मोजून थांबायला लावलं. धाकट्याला नियम शिकवणं म्हणजे पाळण्यातल्या गणपतीला पाढे शिकवणं. तो चालताना जिथे तोल जाईल तिथे पडतो आणि जे हाताला लागेल ते धरून उठतो. कान असो, शेपूट असो.

मुलांशी कुत्रा कसा, हे मी महिनाभर शोधत होते. कुत्र्याशी आमची मुलं कशी, याला एकाही यादीत तारे नव्हते.

विसर्जनाच्या ढोल-ताशात तो बिचारा बाथरूममध्ये कमोडमागे शिरून थरथरत बसला. नवरा त्याच्याजवळ फरशीवर मांडी घालून दीड तास बसला होता. खोटं कशाला बोलू, त्या रात्री मी जवळजवळ 'हो' म्हणणार होते.

म्हटलं नाही. त्याऐवजी एक अट घातली. तीस दिवस, सकाळी पाऊण तास आणि संध्याकाळी पाऊण तास, नवऱ्याने पट्टा हातात घेऊन फिरायला जायचं. कुत्र्याविना. "पट्टा कशाला?" म्हणाला. "कारण नाहीतर त्या हातात फोन असेल," मी म्हटलं.

स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर, जिथे 'दूध नाही' आणि 'सिलिंडर' लिहितो, तिथे रोज दोन खुणा करायच्या ठरल्या. पहिल्या दिवशी साडेपाचला तो निघाला तेव्हा वॉचमन ताडकन उठला. "साब, कुत्ता भाग गया क्या?" दुसऱ्या दिवशी पेपरवाल्याने विचारलं. चौथ्या दिवशी सोसायटीच्या व्हॉट्सअॅपवर कुणीतरी, नाव न घेता, घरातल्या ताणतणावांबद्दल मोफत समुपदेशनाची लिंक टाकली. नवरा जिद्दीचा, त्याने पहिले आठ दिवस एकही खूण चुकवली नाही. मग पाऊस. मग ऑफिसचं एक काम अंगावर आलं. मग धाकट्याला ताप आला आणि दोघंही रात्रभर जागे होतो. तीस दिवसांच्या साठ खुणांपैकी अडतीस झाल्या. त्यातल्या सकाळच्या पंचवीस.

आता अडतीस काही वाईट नाहीत. परीक्षेत प्रथम वर्ग झाला असता. पण उरलेल्या बावीस वेळांचं काय? तेव्हा पाच-सहा महिन्यांचं, दुधाचे दात पडत असलेलं, पळण्यासाठी जन्मलेलं एक जनावर या चारशे कितीशा चौरस फुटांच्या घरात काय करत असतं? त्यातल्या सहा खेपा मी करून बघितल्या. सातव्या खेपेला मी जिन्यात थांबले. धाकटा कडेवर होता. लेकीचा हात धरायला हवा होता, कारण गेटबाहेर रस्ता. आणि पट्टा. मी खरोखर खाली बघून हात मोजले. दोन.

जातीची चर्चा तिथेच संपायला हवी होती. संपली नाही, कारण दिवाळीला आम्ही जतला गेलो.

पिल्लं अडीच महिन्यांची झाली होती. आठ आठवड्यांच्या आत पिल्लू विकायचं नाही असा २०१७ चा नियम आहे, वस्तीवर तो कुणी वाचला नव्हता, पण आप्पा म्हणाले, "आईनं शिकवल्याबिगर न्यायचं न्हाई. चावायचं किती त्ये आईच शिकवती." तोच नियम, कागदाविना. चिक्की तांबूसच राहिली होती, नाक लांबायला लागलं होतं, आणि लेकीच्या चपलेचा एक बंद तिने पहिल्या पाच मिनिटांत खाल्ला.

संध्याकाळी नवरा, लेक आणि मी पिल्लांच्या आईला घेऊन रानाकडे निघालो. तोच पट्टा. लेकीने तो धरला होता, वरून नवऱ्याचा हात. ज्वारीची पेरणी नुकतीच झालेली, मोकळी काळी जमीन, पलीकडे माळ. कुत्री आमच्याबरोबर इतकी शांत चालत होती की मी मनात म्हटलं, उगाच बाऊ केला. तेवढ्यात बांधावरून मुंगूस आडवं गेलं.

मला आठवतं ते एवढंच : पट्टा सापासारखा मातीवरून सरकला आणि नवऱ्याच्या हातात फक्त हात राहिला. लेक गुडघ्यावर. आणि समोर ती कुत्री. मी आयुष्यात काही असं पळताना पाहिलेलं नाही. पाठीची कमान मिटते, उघडते, मिटते. चारही पाय जमिनीला सोडतात. आवाज नाही. मागे धूळसुद्धा उशिरा उठते, तिलाही खबर उशिरा लागल्यासारखी. काही सेकंदांत ती माळावर एक रेघ झाली होती.

लेक रडायची विसरली. तळहात सोलवटलेले, तोंड उघडं. नवरा हसत होता, पण डोळ्यांत पाणी होतं. त्याला कुत्रं हवं होतं की ती सायकल, हे मी विचारलं नाही.

आणि मला, जी इतके महिने नाही म्हणत होती तिला, त्या क्षणी पहिल्यांदा कुत्रं हवंसं वाटलं. हेच. असंच. आणि हे आमच्या लिफ्टमध्ये मावणार नाही, हेही त्याच क्षणी कळलं. ती पाच मिनिटांनी परत आली, जीभ लोंबती, पट्टा मागे घासत, काही झालंच नाही अशा चेहऱ्याने.

रात्री आप्पांना मी घाबरत सांगितलं की आम्ही पिल्लू नेत नाही. मला वाटलं नाराज होतील. ते तंबाखू मळत म्हणाले, "भाकर कुणीबी घालतंय पोरी. त्येला रान लागतंय. तुमच्यात रान कुठाय?" आणि नवऱ्याकडे बघून, "तूच बघ की. तुला बी न्हेऊन ठेवलंय तिथं."

चिक्की डफळापूरकडच्या एका मेंढपाळाकडे गेली. अधूनमधून फोटो येतो. आता तिची मान मेंढरांच्या वर दिसते.

पुण्याला परतल्यावर नवरा आठवडाभर गप्प होता, मग कामाला लागला. लेक मात्र विषय सोडत नाही. कारवान नको तर दुसरं, मोठं नको तर छोटं, कुत्रं नको तर निदान लॅबकाकांचा लॅब शनिवारी फिरवायला. तो आम्ही फिरवतो. मी एक हात लेकीला देते, नवरा पट्टा धरतो, धाकटा आजीकडे. हात पुरतात. लॅबला त्याचा स्वतःचा पट्टा आहे, म्हणून आमचा खिळ्यालाच आहे. काढून ठेवावा असं दर रविवारी ठरतं.

मी लेकीला वेडाविद्रा का होईना एक करार लिहून दिलाय : बाळ पाच वर्षांचं झालं, आणि कालनिर्णयवर महिन्याला पन्नास खुणा झाल्या, तर पुन्हा बोलू. कुठली जात, तेव्हा बघू. कुत्रं बारा-तेरा वर्षं जगतं, म्हणजे त्याचं म्हातारपण तिच्या कॉलेजच्या वर्षांत येईल, हेही सांगितलं. तिने गंभीरपणे सही केली, तिला येतं तेवढं अर्धं नाव.

काल रात्री दिवा घालवल्यावर अंधारातून तिचा आवाज आला. "आई, बाळ पाच वर्षांचं होईल तेव्हा बाबा किती वाजता उठेल?"

बाबा शेजारीच होता. त्याने घोरायला सुरुवात केली.